तेलाचा नळ आणि पुणें डिव्हिजन

१

पहिल्या महायुद्धांत मराठी शिपाई मेसोपोटेमियांत कां गेला, ह्या प्रश्नाचें उत्तर आपल्याकडे बहुधा एका वाक्यांत देण्यांत येतें: तुर्कस्तान जर्मनीस मिळालें म्हणून. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु तारखा जुळवून पाहतां तें अपुरें ठरतें. ब्रिगेडियर-जनरल डिलामेन ह्याच्या हाताखालील १६ वी ब्रिगेड मुंबई बंदरांतून १६ ऑक्टोबर १९१४ रोजीं निघाली. इंग्लंडनें तुर्कस्तानाशीं युद्ध पुकारलें तें ५ नोव्हेंबरास. म्हणजे शत्रु ठरण्यापूर्वीं वीस दिवस फौज जहाजांवर चढली होती. ह्या ब्रिगेडींत ११७ वी मराठा पलटण होती. आणि ब्रिगेड ज्या सहाव्या, म्हणजे पुणें डिव्हिजनची होती, त्या डिव्हिजनमध्यें १०३ व ११० ह्या मराठा पलटणीही होत्या.

डिलामेनला जी आज्ञा मिळाली तिचा आशय असा: आबादान बेट ताब्यांत घेऊन तेथील तेलाचे कारखाने, टाक्या व नळ ह्यांचें रक्षण करावें, कुमक लागल्यास ती उतरण्याची सोय राखावी, आणि स्थानिक अरबांस तुर्कांविरुद्ध पाठिंब्याचा भरंवसा द्यावा. लष्करी आज्ञेंत नळाचा उल्लेख यावा, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. हा नळ कोणता व त्यानें फौजेस कोठवर ओढलें, एवढेंच दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

इराणच्या शहानें २८ मे १९०१ रोजीं विल्यम नॉक्स डार्सी ह्यास तेल काढण्याचा साठ वर्षांचा मक्ता दिला. उत्तरेकडील पांच प्रांत त्यांतून वगळले होते. मोबदला रोख २०,००० पौंड, तितक्याच किंमतीचे शेअर, व निव्वळ नफ्याचा शेंकडा १६ हिस्सा असा ठरला. सात वर्षें पैसा मातींत गेल्यावर २६ मे १९०८ रोजीं मस्जिद-इ-सुलेमान येथें तेल लागलें. तेथील खोदकाम्यांच्या रक्षणास बंगाल लान्सर्सची एक लहान तुकडी लेफ्टनंट आर्नोल्ड विल्सन ह्याच्या हाताखालीं आधींच ठेवलेली होती. तात्पर्य, तेल जमिनींतून वर येण्यापूर्वींच हिंदी शिपाई त्याच्या पहाऱ्यावर होता.

परंतु विहीर डोंगरांत, आणि जहाज समुद्रांत. पिंपांत भरून तेल खेंचरांच्या पाठीवर न्यावयाचें म्हटल्यास वाहणावळच मालाच्या किंमतीबाहेर जाती. सबब १९०९ सालीं अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी स्थापन झाली तेव्हां तिचें पहिलें मोठें काम विहिरी वाढविण्याचें नसून नळ घालण्याचें होतें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत मुहम्मऱ्याचा शेख खझल ह्याजकडून आबादान बेटावरील जागा वार्षिक ६५० पौंड भाड्यानें घेण्यांत आली. करार घडवून आणणारा सर पर्सी कॉक्स हा हिंदुस्थान सरकारचा आखातांतील रेसिडेंट होता.

३

नळाची लांबी सुमारें १४० मैल. लोखंडी नळ जहाजानें मुहम्मऱ्यास येत, तेथून कारून नदींतून वर अहवाझपर्यंत जात. तेथें नदीस खडकाळ धावता असल्यानें माल उतरवून पलीकडे पुन्हा चढवावा लागे. आणि अखेरची डोंगरी वाट खेंचरांनीं ओढून काढली. विहिरी व मैदान ह्यांमध्यें उंच धारा आहेत. तेल आपोआप त्या चढणार नाहीं. म्हणून तेंबी येथें पंपाचें ठाणें बसवून तें धारेवर लोटावें लागे. पुढें उतार आणि वाळवंट. १९११ सालीं काम पुरें झालें. आरंभीं वर्षास चार लक्ष टन तेल वाहण्याची त्याची शक्ति होती. आबादानचा कारखाना १९१२ पासून हळूहळू चालूं लागला. तेथील कसबी कामगारांत हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथून आणलेले लोक पुष्कळ होते.

१९१४ च्या उन्हाळ्यांत ब्रिटिश सरकारनें २२ लक्ष पौंड घालून कंपनींत बहुमताचा हिस्सा घेतला. आरमाराची नवीं जहाजें कोळशाऐवजीं तेलावर चालावयाचीं होतीं, हें त्याचें कारण. त्या दिवसापासून खाजगी कंपनीचा नळ हा राज्याचा नळ झाला.

४

किल्ल्यास तट असतो, बंदरास तोफा असतात. नळास दोन्ही नाहींत. त्याचा प्रत्येक हात हें एक दार आहे. तो शाबूत राहतो तो केवळ वाटेवरील लोकांच्या संमतीनें. कंपनीनें ही संमति पैशानें मिळविली होती: बख्तियारी खानांस १९०५ च्या करारान्वयें शेंकडा तीन शेअर व पहाऱ्याबद्दल वार्षिक रक्कम मिळे, आणि खालच्या प्रदेशांत शेख खझलचा आधार होता.

डिलामेनची फौज ६ नोव्हेंबरास फाव येथें उतरली व त्याच महिन्यांत बसरा हातीं आलें. त्यामुळें कारखाना व टाक्या सुरक्षित झाल्या. नळ मात्र नाहीं. फेब्रुवारी १९१५ मध्यें तुर्की सैन्य अहवाझच्या रोखानें येतांच जिहादच्या हांकेनें कारूनकांठच्या टोळ्या उठल्या, आणि त्यांनीं नळ तोडला. त्यांत खझलच्याच अमलांतील बावी लोक होते. ३ मार्च रोजीं अहवाझनजीक गेलेल्या इंग्रजी तुकडीस नुकसान सोसून मागें फिरावें लागलें. अखेर जनरल गॉरिंज ह्यास एप्रिल-मे महिन्यांत १२ वी डिव्हिजन घेऊन त्या मुलखांत जावें लागलें, व जून महिन्यांत तेल पुन्हा वाहूं लागलें. बेट राखण्यास निघालेली फौज अशा रीतीनें नळामागून आंत गेली.

५

येथें एक मर्यादा सांगणें अवश्य आहे. पुढें बगदादवर जी चाल झाली तिचें कारण नळ नव्हे. तेथें प्रतिष्ठा व सेनापतींचा हव्यास हीं कारणें प्रबळ होतीं. तेलासाठींच सारें युद्ध झालें असें म्हणणें पुराव्यास सोडून होईल. उलट, तेलाचा संबंधच नव्हता असें म्हणणारांनीं डिलामेनची आज्ञा व अहवाझची मोहीम ह्यांचा उलगडा केला पाहिजे.

भरपाईचा वादही उद्बोधक आहे. इराणनें १ नोव्हेंबर १९१४ रोजीं तटस्थता जाहीर केली होती. तथापि नळ तुटल्याचें नुकसान कंपनीनें इराण सरकारच्या माथीं मारून त्याच्या हिश्शाची रक्कम अडवून धरली. हा तंटा डिसेंबर १९२० च्या तडजोडीपर्यंत चालला. ज्याच्या भूमींत दुसऱ्यांचें युद्ध शिरलें, त्यासच पहाऱ्यांत कसूर केल्याबद्दल जाब विचारण्यांत आला.

६

नळाची किंमत पौंडांत मोजली गेली. ती जमाखर्चांत सांपडते. पुणें डिव्हिजननें दिलेली किंमत निराळी. २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत-अल्-अमारा येथें उपासमारीनें शरण गेलेल्या सुमारें तेरा हजारांत हीच डिव्हिजन होती, व त्यांतील कित्येक शिपाई कैदेंतून परतले नाहींत. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर इकडील घरांतून गेलेल्या ह्या माणसांस आपण कशाच्या रक्षणास निघालों हें मुंबईच्या धक्क्यावर कोणी सांगितलें असेल असें वाटत नाहीं. त्यांचीं पत्रें, पेन्शनचे कागद, पदकें ज्या घरांत असतील त्यांनीं तीं रद्दींत घालूं नयेत. नळाचा इतिहास कंपनीच्या दप्तरांत आहे. पहारेकऱ्याचा इतिहास ह्या ट्रंकांतच मिळावयाचा आहे.