गेमिंग कन्सोलची मेमरी फुल्ल? नागपूरला जाऊन ड्राइव्ह घेण्याआधी हे तपासा

पांढुर्णा/सौंसर : सुट्ट्या लागल्या की घरातला प्लेस्टेशन नाहीतर एक्सबॉक्स दिवसभर सुरू असतो. मग एक दिवस स्क्रीनवर मेसेज येतो, जागा शिल्लक नाही. एक गेम डिलीट करा, दुसरा टाका, आठ दिवसांनी पहिलाच परत हवा म्हणून पुन्हा डाऊनलोड करा, असं चक्र सुरू होतं. शेवटी पोरं ड्राइव्हसाठी हट्ट धरतात. ड्राइव्ह घ्यायला हरकत नाही. पण चुकीचा आणला तर तो घरी आल्यावर चालत नाही आणि बदलायला नागपूरची आणखी एक चक्कर पडते.

आधी हिशेब करा

आजचे मोठे गेम 100 जीबीच्या आसपास, काही त्याहूनही जास्त असतात. घरच्या नेटला 20 एमबीपीएस स्पीड मिळत असेल तर 100 जीबी उतरायला साधारण 11 तास लागतात, तेही लाइन मध्ये बंद पडली नाही तर. रोज 2 जीबीच्या मोबाईल डेटावर हाच गेम उतरवायचा म्हटलं तर 50 दिवस लागतील. उलट तोच गेम साध्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवला असेल आणि सेकंदाला 100 एमबी वेग धरला, तर तो कन्सोलमध्ये परत घ्यायला 17 मिनिटे पुरतात. आपल्याकडे ड्राइव्हचा खरा फायदा हा आहे.

डिस्क विकत घेतली म्हणजे जागा लागत नाही, हा गैरसमज आहे. प्लेस्टेशन 4, प्लेस्टेशन 5 आणि नव्या एक्सबॉक्सवर डिस्कचा गेमही आधी मशीनमध्ये इन्स्टॉल होतो आणि तेवढीच जागा खातो.

प्लेस्टेशन 4

घरी पीएस 4 असेल तर काम सोपे आहे. यूएसबी 3.0 ची, 250 जीबी ते 8 टीबीपर्यंतची बाहेरची हार्ड डिस्क लावा, गेम थेट तिच्यावरून चालतात. ही सोय 2017 पासून आहे. महागड्या एसएसडीची गरज नाही. एसएसडी लावली तर गेम लवकर लोड होतो, इतकाच फरक. पेन ड्राइव्हच्या भानगडीत मात्र पडू नये.

प्लेस्टेशन 5

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. भारतात 2021 मध्ये आलेल्या पहिल्या पीएस 5 मध्ये 825 जीबीची एसएसडी आहे, पण गेमसाठी प्रत्यक्षात सुमारे 667 जीबीच मिळतात. बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवर पीएस 5 चे गेम फक्त ठेवता येतात, तिथून खेळता येत नाहीत. ड्राइव्ह कितीही महाग असला तरी नियम हाच. पीएस 4 चे गेम मात्र त्याच यूएसबी ड्राइव्हवरून चालतात.

पीएस 5 चे गेम चालवायला जागा वाढवायची असेल तर आतल्या एम.2 स्लॉटमध्ये एसएसडी बसवावी लागते. दुकानात चार गोष्टी पाहाव्यात.

- खोक्यावर ‘एनव्हीएमई’ आणि ‘पीसीआयई जेन 4’ लिहिलेले हवे. दिसायला तशीच असणारी एम.2 साटा एसएसडी चालत नाही.
- वाचण्याचा वेग सेकंदाला 5,500 एमबी किंवा त्याहून जास्त असावा. सोनीची शिफारस तशी आहे.
- क्षमता 250 जीबी ते 8 टीबी.
- हीटसिंक हवाच. हीटसिंकसह एकूण उंची 11.25 मिलिमीटरच्या आत पाहिजे, नाहीतर स्लॉटचे झाकण बसत नाही.

बसवताना मशीन पूर्ण बंद करून वायर काढावी, थंड होऊ द्यावे, मग झाकण उघडावे. सुरू केल्यावर कन्सोल एसएसडी फॉरमॅट करायला सांगतो. फॉरमॅट केल्यावर तिच्यावरचे आधीचे सगळे पुसले जाते, म्हणून घरच्या फोटोंची एसएसडी यासाठी वापरू नये.

एक्सबॉक्स आणि निन्टेन्डो

एक्सबॉक्स सिरीज एसच्या पहिल्या मॉडेलमध्ये 512 जीबी आहेत, वापरायला सुमारे 364 मिळतात. म्हणजे तीन मोठे गेम आले की संपलं. इथेही नव्या पिढीसाठी बनवलेले गेम यूएसबी ड्राइव्हवर ठेवता येतात, पण खेळायला ते आत घ्यावे लागतात किंवा मागच्या स्लॉटचे खास एक्स्पान्शन कार्ड लागते. ही कार्डे सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल यांची येतात आणि दर जीबीला महाग पडतात. जुने एक्सबॉक्स वनचे गेम यूएसबीवरून थेट चालतात.

निन्टेन्डो स्विचला मायक्रोएसडी कार्ड लागते. 2025 मध्ये आलेल्या स्विच 2 ला मात्र गेम साठवण्यासाठी ‘मायक्रोएसडी एक्स्प्रेस’ कार्डच हवे, मोबाईलमधले साधे कार्ड त्यासाठी चालत नाही. कार्डांमध्ये खोटी क्षमता छापलेला मालही मिळतो. स्वस्तात 1 टीबी दिसले तर बिलाशिवाय घेऊ नये.

लाइट आणि ऊन

गेम कॉपी होत असताना लाइट गेली तर डेटा खराब होऊ शकतो. लहान यूपीएस असेल तर कन्सोल नीट बंद करण्याएवढा वेळ मिळतो. पीएस 5 साठी कंपनीने 5 ते 35 अंश तापमान सांगितले आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो, त्यामुळे मशीन टीव्हीच्या बंद कपाटात न ठेवता मोकळ्या हवेत ठेवावे.

गेममधली प्रगती, म्हणजे सेव्ह, वेगळी असते. पीएस 4 चे सेव्ह यूएसबीवर कॉपी करता येतात. पीएस 5 च्या गेमचे सेव्ह तसे सुटे यूएसबीवर कॉपी करता येत नाहीत, ते प्लेस्टेशन प्लसच्या क्लाउडवर ठेवता येतात. बाहेरचा ड्राइव्ह घेतला म्हणजे बॅकअप झाला, असे समजू नये.

घ्यायचं काय?

पीएस 4 असेल तर साधी हार्ड डिस्क घ्यावी. पीएस 5 किंवा सिरीज एस असेल आणि पोरं एका वेळी दोन-तीनच गेम खेळत असतील, तरी साधी हार्ड डिस्क पुरते. बाकीचे गेम तिच्यावर ठेवायचे आणि लागेल तसे आत घ्यायचे. पाच-सहा मोठे गेम कायम तयार हवे असतील तरच एम.2 एसएसडी किंवा कार्डाचा खर्च करावा. दोन पर्यायांची तुलना करताना किमतीला जीबीने भागून दर काढावा.

खरेदी पांढुर्ण्यात, सौंसरला की नागपूरला? जीएसटीचा दर दोन्ही राज्यांत एकच आहे, त्यामुळे सीमा ओलांडून कर वाचत नाही. भाव आणि माल पाहावा. पक्के बिल घ्यावे, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्यावा आणि वॉरंटीत वस्तू कुठे जमा करायची ते दुकानातच विचारावे. निघण्याआधी कन्सोलच्या मागच्या बाजूचा मॉडेल नंबर आणि सेटिंगमधल्या स्टोरेजच्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये काढून न्यावा. दुकानदाराला तो दाखवला की चुकीचा ड्राइव्ह गळ्यात पडण्याची शक्यता खूप कमी होते.