छातीवरचा तारा
माझे विद्यार्थी विचारतात, पराक्रम गाजवला तर समाज मान देईल ना? मी त्यांना व्हिएन्नाच्या हाकोआ संघाचा इतिहास सांगतो.

ऑस्ट्रियातील अनेक क्रीडासंस्थांनी ज्यूंना दारे बंद केली होती. म्हणून १९०९ साली त्यांनी स्वतःचा क्लब काढला. गालिसियातून स्थलांतरित होऊन आलेल्या ज्यूंनाही तो आपला वाटे. हाकोआ म्हणजे सामर्थ्य. खेळाडू छातीवर दाविदाचा तारा मिरवीत. १९२५ साली दुखावलेला हात झोळीत अडकवून गोलरक्षक फाबियान पुढच्या फळीत खेळला. त्याच्याच गोलाने राष्ट्रीय विजेतेपद आले.

१९३८ साली नाझींनी क्लब बंद पाडला. संस्थापकांपैकी एक, गीतकार लोनर-बेडा, १९४२ साली आउशविट्झला मारले गेले. युद्धानंतर पुन्हा उभारलेला फुटबॉल संघ काही वर्षांतच मोडला.

मित्रहो, विजयाने टाळ्या मिळतात, हक्क नव्हे. तरीही तो तारा उघडपणे मिरवणे, हेच त्यांचे बंड होते.