बुगडीच्या लावणीची कुळकथा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी लावणी म्हणावी की नाही, यावर यंदा बराच खल झाला. वाद निघाला तो बुगडीच्या लावणीवरून. ती बहुतेक भगिनींना पाठ आहे, पण तिचा अर्थ आणि तिचे कूळ सर्वांनाच ठाऊक असते असे नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

ही लावणी १९५९ सालच्या, अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटातली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल वसंत पवारांची, गळा आशा भोसले यांचा आणि पडद्यावर जयश्री गडकर. पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात हा चित्रपट शंभराहून अधिक आठवडे चालला.

बुगडी म्हणजे कानाच्या वरच्या कडेला घालायचा आपला जुना दागिना. साताऱ्याच्या वाटेवर ती हरवली असे नायिका मैत्रिणींना सांगते आणि घरच्या म्हाताऱ्याला कळवू नका म्हणून विनवते. पुढे शेजारचा तरुण येतो, त्याच्या खाणाखुणा येतात, आणि बुगडीचे खरे काय झाले ते ऐकणाऱ्याला आपोआप उमगते. सांगायचे एक आणि सुचवायचे दुसरे, हीच तर लावणीची गंमत!

ही रीत आजकालची नव्हे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन कुळातील हाल राजाने महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा एकत्र केल्या, असे मानतात. त्यातही बायका सखीजवळ असेच आडून मन मोकळे करतात. पेशवाईत होनाजीने शृंगाराच्या लावण्या रचल्या. घरोघर पहाटे म्हटली जाणारी श्रीकृष्णाची भूपाळीही त्याचीच. माडगूळकरांचेही तसेच. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ज्यांचे गीतरामायण ऐकताना लोक हात जोडत, त्यांच्याच लेखणीतून बुगडीही उतरली.

आता तो म्हातारा कोण? बाप की नवरा? बाप म्हटला तर गाणे नुसते खट्याळ. पण नवरा म्हटला तर मला देवलांचे १८९९ सालचे ‘शारदा’ नाटक आठवते. पैशापायी कोवळ्या मुली म्हाताऱ्यांच्या गळ्यात बांधल्या जात, त्याची ती कहाणी. मग हसता हसता घशात आवंढा येतो.

याच चित्रपटात तमासगिरीण उभी करणाऱ्या हंसा वाडकर यांनी पुढे त्याच नावाने आत्मकथन केले. १९७० साली ते पुस्तकरूपाने आले. पडद्यामागे बाईने काय काय सोसले, ते त्यात वाचावे.

आपल्याला लाज वाटते ती गाण्याची नसावी. पोटासाठी फडावर नाचणाऱ्या बाईला हलके समजायची आपली जुनी सवयच ती. टाळ्या वाजवणाऱ्या पुरुषांना मात्र कोणी नावे ठेवली नाहीत. म्हणून माझे मत असे की, भगिनींनो, यंदा बुगडीची लावणी अवश्य म्हणावी, आणि अर्थ समजून म्हणावी.