घरात शिरलेले चोर

प्लेगाच्या गोष्टी आजीने तिच्या सासूकडून ऐकल्या होत्या. आम्हाला सांगतानाही ती रोगाचं नाव घेत नसे. "उंदीर पडला" म्हणाली की समजायचं. १८९७च्या मार्चपासून प्लेगचा अधिकारी रँड याच्या हुकमाने गोरे सोजीर पुण्यात घरोघर झडत्या घेत होते. बूट थेट चुलीपर्यंत, देवघरापर्यंत. पणजीचा धाकटा दीर तापाने फणफणला होता. त्याला माळ्यावर गोवऱ्यांच्या आड निजवलेलं. शेजारीण बोळातून ओरडली, "अहो वहिनी, मांजर आलंय, दूध झाका!" पणजीने तेवढ्यावर शिडी उचलून परसात टाकली.

अशा बोलण्याला सरावलेल्या पुण्यात १२ जूनला, शिवराज्याभिषेकाच्या उत्सवात, टिळक बोलले. प्लेगात ते गाव सोडून गेले नव्हते. रोगी वेगळे ठेवण्याला त्यांचा विरोध नव्हता. हिंदूंसाठी त्यांनी इस्पितळही काढलं होतं. झडत्यांमधल्या जुलमावर 'केसरी'त उघड टीका चालू होतीच. त्या दिवशीचा विषय मात्र अफझलखानाचा वध: महाराजांना त्याचं पाप लागलं का? गीतेचा आधार घेऊन टिळक म्हणाले, स्वार्थ नसेल तर दोष नाही. आणि दाखला दिला चोरांचा. ते घरात शिरले आणि त्यांना हुसकून लावण्याइतकं बळ आपल्या मनगटात नसलं, तर खुशाल बाहेरून कडी घालून त्यांना जाळावं.

या दाखल्यात रँड नाही, सोजीर नाहीत. पण नुकतेच ज्यांच्या स्वयंपाकघरात बूट वाजून गेले होते, त्यांना आणखी काय फोड करून सांगायची? टिळकांना रँडचा खून हवा होता असं मला वाटत नाही. समोरचे काय ऐकणार याची त्यांना कल्पना नव्हती, हेही पटत नाही.

१५ जूनला 'केसरी'त भाषण छापून आलं. २२ जूनच्या रात्री, राणीच्या हीरक महोत्सवाच्या समारंभातून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गाठून गोळी घातली. टिळकांवर खटला झाला तो राजद्रोहाचा, खुनाचा नव्हे. ज्यूरीतल्या ६ युरोपीयांनी त्यांना दोषी ठरवलं, ३ हिंदी सभासदांनी निर्दोष.

"त्या तिघांना चोर कोण ते कळलंच नसेल का गं?" मी आजीला विचारलं.

"न कळायला काय झालं? बोलले नाहीत, एवढंच."

टिळकांची १८ महिन्यांची सक्तमजुरी काही त्याने टळली नाही.