परदेशी पेटी, गावचे शिंपले

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर खांदेरीचा किल्ला दिसतो आणि मागे कोळीवाडा. या गावात मी बरीच वर्षे बालवाडी चालवली. सुरुवातीच्या काळात एका प्रशिक्षणातून साधनांची एक पेटी मला मिळाली होती. त्यात एकात एक बसणारे दंडगोल, चढत्या लांबीच्या दांड्या आणि रंगीत पट्ट्या होत्या. मोडेल, हरवेल या भीतीने मी ती कपाटात कुलूपबंद ठेवली. पाहुणे आले की पेटी बाहेर निघे, पाहुणे गेले की पुन्हा कपाटात. मुलांनी तिला हात लावला तो फोटोपुरता. चूक माझीच होती. परदेशातून आलेल्या ज्ञानाचे शिक्षिकेने करायचे काय, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र माझ्या एकटीचा नाही. महाराष्ट्रात तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

त्याचा एक धागा आमच्या शेजारच्या अलिबागला स्पर्शून जातो. टपाल खात्यातल्या नोकरीमुळे गोपाळराव जोशी काही काळ अलिबागला होते आणि त्यांच्यासोबत आनंदीबाईही. पुढे आनंदीबाई अमेरिकेला गेल्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम त्या समारंभाला आल्या. रमाबाई तिथे आल्या त्या पाहुण्या म्हणून, पण राहिल्या विद्यार्थिनी म्हणून. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी जर्मनीत सुरू केलेली बालोद्यान पद्धत तोवर अमेरिकेत रुजली होती. त्या पद्धतीच्या शिक्षिका तयार करणाऱ्या वर्गात रमाबाईंनी फिलाडेल्फियात नाव घातले. मराठी मुलामुलींसाठी क्रमिक पुस्तके लिहिण्याचे कामही त्यांनी तिथेच हाती घेतले. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले, त्यामागे हे शिक्षण होते. एका मैत्रिणीच्या पदवीदानाला गेलेल्या बाईने परतताना एक व्यवसाय बरोबर आणला.

दुसरा धागा इटलीचा. मारिया माँटेसरी या डॉक्टर होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांची मुळेही इटलीबाहेरची होती. इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांनी मतिमंद मुलांसाठी जे प्रयोग केले होते, त्यांवरून माँटेसरींनी आपली साधने घडवली. उसनवारी तिथूनच सुरू होते.

हा विचार आपल्याकडे आला तो पुस्तकांतून. गिजुभाई बधेका हे वकील. मुलाला कसे वाढवावे या विवंचनेतून ते माँटेसरींपर्यंत पोहोचले आणि १९२० मध्ये भावनगरला त्यांनी बालमंदिर सुरू केले. राजकोटच्या स्त्री-शिक्षिका प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्रमुखपद सोडून ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिकेतून, आधी गुजरातीत आणि मग मराठीत, हा विचार पालकांपर्यंत गेला. माँटेसरी स्वतः भारतात आल्या त्या नोव्हेंबर १९३९ मध्ये, मद्रासजवळ अड्यारला. गिजुभाई त्याच वर्षी जूनमध्ये वारले होते. ज्यांचे विचार त्यांनी जन्मभर पेरले, त्यांना या भूमीवर पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. युद्धामुळे माँटेसरींचा मुक्काम लांबला आणि शेकडो भारतीय शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो याच्या पुढचा टप्पा. आखीव साधने महाग होती. ती शहरातल्या सुस्थित घरांतील मुलांपुरतीच पोहोचत होती. सान लोरेन्झोच्या गरीब पोरांसाठी जन्मलेली पद्धत आपल्याकडे पांढरपेशांची झाली, हे ताराबाईंना खटकले. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांच्याबरोबर आल्या. बालविधवा, नोकरी करत शिकलेली ही प्राथमिक शिक्षिका पुढे अखेरपर्यंत याच कामात राहिली.

मुले बालवाडीत येईनात, म्हणून या दोघींनी बालवाडीच वस्तीत नेली, मुलांच्या अंगणात. अंघोळ, नखे, केस यांपासून शिक्षण सुरू झाले. दंडगोलांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच काम वारली मुलांत वाढले. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी तर शाळा थेट कुरणात गेली. साधने बदलली, पण मूल हाताने शिकते हे माँटेसरींचे मूळ सूत्र तसेच राहिले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरात ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. महाराष्ट्रातील मेळघाटातले धारणी हा त्यांतला एक गट होता. या योजनेच्या केंद्राला सगळा देश अंगणवाडी म्हणतो.

बोर्डीचा किनारा आणि आमचा किनारा एकाच कोकणपट्टीचा. हे सारे वाचल्यावर मी कुलूप काढले. पेटीशेजारी एक टोपली ठेवली आणि मुलांना किनाऱ्यावरून शिंपले आणायला सांगितले. लहानमोठे वेगळे करा, एवढीच सूचना होती. एका मुलीने आकाराकडे पाहिलेच नाही. तिने दोन ढीग केले, आत जीव असलेल्यांचा एक आणि रिकाम्यांचा एक. कोळ्याच्या घरात हाच भेद महत्त्वाचा. माझ्या पेटीत तो नव्हता. वर्गीकरण म्हणजे काय, हे त्या दिवशी मला नव्याने कळले.

आज बाहेरचे ज्ञान अंगणवाडीपर्यंत पूर्वीपेक्षा लवकर येते. पण सेविकेच्या हाती ते येते तयार आराखड्याच्या रूपात, वरून आलेल्या सूचनेसारखे. तिला मिळते ते मानधन. तिचा दिवस पोषण आहार, वजने, लसीकरण आणि मोबाइलवरच्या नोंदींत जातो. रमाबाईंनी, ताराबाईंनी, अनुताईंनी जे केले, म्हणजे घेतलेले तपासले, मोडले आणि आपल्या मुलांच्या मापाने पुन्हा बांधले, त्यासाठी तिला सवड नाही. कुणी तिला तसे विचारतही नाही. परदेशाशी जोडले जाण्याने शिक्षिका मोठी होते ती या पुनर्बांधणीत. नुसत्या प्रमाणपत्राने ती होत नाही.

माझे मागणे लहान आहे. सेविकांच्या दर महिन्याच्या बैठकीत अर्धा तास असा असावा, ज्यात कोणतीही नोंदवही उघडायची नाही. या महिन्यात एखाद्या मुलाने आपल्याला काय शिकवले, एवढेच प्रत्येकीने सांगायचे आणि कुणीतरी ते लिहून ठेवायचे. त्या शिंपल्यांच्या दोन ढिगांची गोष्ट मी तिथे पहिल्यांदा सांगेन.