एक गुण: खाशाबा जाधव आणि पंचांचा निर्णय

१/ स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव हे सातारा जिल्ह्यातील, कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले, हे आपण शाळेत वाचतो. त्या पदकाच्या आधी आणि ऐन स्पर्धेतही पंच व पदाधिकाऱ्यांच्या निर्णयांचा वाद उभा आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आजचा धागा त्याविषयी.

२/ प्रथम पंचाचे काम पाहू. मातीतल्या जुन्या कुस्तीत निकालाचे माप एकच: चीत. सांगली जिल्ह्यातील कुंडलच्या मैदानात पाठ मातीला लागली की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही निकाल कळतो. तेथे पंच हा बव्हंशी साक्षीदार असतो. गुणांच्या कुस्तीत हे नाते पालटते. डाव पुरा झाला का, त्याचे गुण किती, हे पंच ठरवतो. म्हणजे निकाल अंशतः तोच घडवतो.

३/ फुटबॉलमध्येही हाच भेद आहे. चेंडूने गोलरेषा ओलांडली का, ही वस्तुस्थिती; धक्का पेनल्टी देण्याजोगा होता का, हे मत. २०१८ च्या विश्वचषकात व्हीएआर आले, तरी पडद्यासमोर उभ्या असलेल्या माणसालाच अखेर मत द्यावे लागते.

४/ मातीत घडलेले खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरले. गादी अनोळखी, आंतरराष्ट्रीय नियमही अनोळखी. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावे स्थान मिळवले.

५/ १९५२ च्या ऑलिंपिकपूर्वी मद्रासला राष्ट्रीय स्पर्धा झाली. तेथे आपल्याला हेतुपुरस्सर एक गुण कमी देऊन निवडीतून वगळले, असा खाशाबांचा आरोप होता. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादवेंद्रसिंग हे त्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे प्रमुख होते. त्यांनी खाशाबांना निवड चाचणीत पुन्हा लढण्याची संधी दिली. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला हरवून संघात स्थान मिळवले.

६/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहावे. फेरलढतीतील विजयाने खाशाबांची योग्यता सिद्ध होते. मद्रासच्या पंचांचा हेतू नव्हे. हेतूची नोंद गुणपत्रकात होत नसते. पक्षपात आणि प्रामाणिक चूक कागदावर एकसारख्याच दिसतात. म्हणून ‘पंच प्रामाणिक होता का?’ यापेक्षा ‘दाद मागण्याची सोय होती का?’ हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

७/ निवड झाली तरी प्रवासखर्चाचा प्रश्न होता. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. नाकारलेल्या एका गुणाची किंमत किती असू शकते, याचे मोजमाप या रकमेतून करता येते.

८/ हेलसिंकीतील प्रसंगही बोलका आहे. प्रचलित वृत्तांतानुसार, जपानच्या शोहाची इशीईशी दीर्घ झुंज दिल्यानंतर खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढण्यास सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान ३० मिनिटांची विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो दाखवून आक्षेप घेण्यास एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीईला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. मद्रासच्या निर्णयाविरुद्ध त्यांचे म्हणणे ऐकणारा कोणी होता; हेलसिंकीत त्यांची बाजू मांडणाराच नव्हता.

९/ हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२३ मध्ये पुण्यातील महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड या लढतीत एका डावाला दिलेल्या चार गुणांवरून वादळ उठले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला तर वाद थेट ‘चीत’वरच झाला. पाठ टेकलीच नव्हती, असे शिवराज राक्षे यांचे म्हणणे होते. म्हणजे ज्या निकालाला आपण निर्विवाद समजत होतो, त्यालाही पाहणारा डोळा लागतोच.

१०/ राक्षे यांनी पंचांना लाथ मारली आणि त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. सांगली जिल्ह्याचे, २००७ व २००८ चे महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी निषेध म्हणून आपल्या गदा परत करण्याची घोषणा केली. पंचावर हात उगारणे समर्थनीय नाहीच. २०२३ च्या वादानंतरही पंचांना धमकी आली होती, हे विसरू नये. निर्णय देणाराही त्याच आखाड्यातला माणूस असतो.

११/ खाशाबांचा इतिहास हेच सांगतो: निर्दोष पंच शोधून सापडणार नाही. मात्र ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या रीतीने आक्षेप ऐकला जाईल, अशी व्यवस्था उभारता येते. १९५२ साली ती एका संस्थानिकाच्या मर्जीवर अवलंबून होती. गोळेश्वरच्या पैलवानाला ती लाभली, म्हणून आपल्याला त्याचे नाव ठाऊक आहे. ज्यांना लाभली नाही, त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत.