हवापाणी आणि आबोहवा

मराठीत आपण ‘हवापाणी’ म्हणतो. आमच्या घरच्या बोलीत ‘आबोहवा’. तिथे पाणी आधी येते. गाव वसवताना हाच क्रम खरा ठरतो.

जुन्नरची हवा गार, डोंगर हिरवे. तरी अहमद निजामशहाने 1490 मध्ये भिंगारजवळ बहमनी फौज हरवली आणि पुढे त्याच कोरड्या मैदानावर अहमदनगर, आजचे अहिल्यानगर, वसवले. जागा जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मधली, मोक्याची. पाणी मात्र खापरी नळांनी लांबून आणावे लागले.

शिरूर तालुक्यातले वढू बुद्रुकही पर्जन्यछायेतच. छत्रपती संभाजीमहाराजांच्या समाधीचे हे गाव भीमेच्या भरवशावर नांदते. पाऊस भीमाशंकरच्या डोंगरात कोसळतो, पीक इथे उभे राहते. देखावा पाहायला आम्ही घाटात जातो. घर मात्र नदीकाठीच बांधतो.